हिरव्या लोकरीची लडी

वहिनींना सांत्वन करणं कधी जमलंच नाही. कुणाकडे वाईट घडलं की बाकीच्या बायका गळ्यात पडून रडत, आमच्या या शेजारच्या वहिनी दारातच खांबासारख्या उभ्या राहत आणि शेवटी "चहा ठेवू का?" एवढंच विचारत. रांझीच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोन घरांत भिंत एकच, म्हणून हे मला पक्कं ठाऊक.

लढाई सुरू झाली आणि फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. आमचे हे घरी फक्त झोपायला येत. माझा धाकटा भाऊ वसंता सरहद्दीवर होता आणि त्याची पत्रं थांबली होती. मला भूक लागत नव्हती, रडूही येत नव्हतं. पोस्टमन निघून गेला तरी मी दारातच उभी असे.

"काहून उभी आहे अशी? चलो, हात पुढे कर," एका दुपारी वहिनी म्हणाल्या आणि माझ्या दोन्ही मनगटांवर हिरव्या लोकरीची लडी चढवून गुंडा करायला बसल्या. भाऊजींसाठी, त्यांच्या यजमानांसाठी, स्वेटर विणायचा होता म्हणे. मग रोज तेच. हात अडकलेले, त्यामुळे उठता येत नसे. बोलणं म्हणजे "डावा हात जरा खाली," एवढंच. एकदा मीच विचारलं, "वहिनी, तो असेल ना?"

"मला नाही माहीत, बाई. पण मी इथंच बसून राहिली आहे."

तार आली तेव्हाही लडी माझ्या हातांवर होती. पोस्टमननं वाचून सांगितली. वसंता गेला होता. वहिनींनी लडी उतरवली नाही. लडी संपेपर्यंत गुंडाळत राहिल्या. मला तेव्हाही रडू आलं नाही. नंतरही कित्येक वर्षं नाही.

मग भाऊजी गेले. घर बायकांनी भरलेलं, वहिनी दारात उभ्या. मी त्यांच्या मुलीला विचारलं, "तो हिरवा स्वेटर कुठं गं?"

"स्वेटर कुठला, मावशी? लोकर एकच होती. तुम्ही घरी गेलात की आई खुर्चीच्या पाठीवर गुंडा सोडून पुन्हा लडी करायची. उद्याला हवी म्हणून."

गुंडा ट्रंकेत होता. मी खुर्चीवर लडी केली, वहिनींना बसवलं. "हात पुढे करा."

त्यांनी केले. मी गुंडाळू लागले आणि अर्ध्यावरच मला हुंदका फुटला, वसंतासाठी. थांबवता येईना.

"गुंडाळ तू," वहिनी म्हणाल्या. "मी इथंच बसून राहिली आहे."