बी मोझाची नऊ मांजरं

लामू बेटावरच्या गल्ल्यांमध्ये बायकांच्या मयताला शेवटची आंघोळ घालायचं काम बी तुमूकडे तिच्या सासूकडून आलं. तिथं मोठ्या बाईला मानानं बी म्हणतात. सासूनं कामाबरोबर एक नेमही दिला होता. मयताच्या अंगावर जे दिसेल, ते पाण्याबरोबर सोडून द्यायचं, बाहेर येऊन तोंड उघडायचं नाही. सव्वीस वर्षं तुमूनं तो नेम पाळला. गावातल्या निम्म्या घरांची गुपितं तिच्या पोटात होती आणि ती सुखानं झोपत होती.

बी मोझा गेली, आणि तुमूची झोप उडाली.

मोझा मासळीच्या धक्क्यामागे एकटीच राहायची. वय ऐंशीच्या पुढं. दोन दिवस दार उघडलं नाही म्हणून लोकांनी ते फोडलं, तर म्हातारी चटईवर निपचित पडलेली आणि तिची नऊ मांजरं तिच्याभोवती गोल करून बसलेली. माणसं आत शिरली तरी एकही हललं नाही, एकानं म्याव केलं नाही. सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं, एवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

आंघोळ घालताना तुमूनं मोझाची मान डाव्या हातावर तोलली, आणि तिला अंगावर कडी उठलेली दिसली. मानेवर, दंडावर, पोटऱ्यांवर, वाटीची कड उठावी तशी लालसर, गोल. मधली कातडी स्वच्छ. तुमूनं पाणी ओतलं, कापूर घातला, कफन गुंडाळलं आणि बाहेर येऊन गप्प राहिली. मोझाच्या भाचीनं आठवण म्हणून म्हातारीचा पांघरायचा लेसो तिच्या हातात ठेवला. निळा, मऊ, धुऊन धुऊन विरलेला.

दुसऱ्या दिवशी नऊही मांजरं तुमूच्या दाराशी येऊन बसली.

तिनं मासळीची डोकी टाकली. खाऊन ती गेली नाहीत. त्यांच्या अंगावर केस झडलेले नाण्याएवढे गोल चट्टे होते आणि कानांच्या कडांवर राखेसारखी खपली. बाराव्या दिवशी तुमूनं बाही वर केली, तर डाव्या हातावर, अगदी मोझाची मान टेकली होती तिथंच, एक लाल कडं उठलेलं.

शेजारची खामिसा पाणी मागायला आली आणि हात बघून दोन पावलं मागं सरली.

"बी, हे काय?"

"खाज आहे."

"खाज अशी परकारानं काढल्यासारखी येते का? म्हातारीनं धरलंय तुम्हाला. आणि ही नऊ जणं पहाऱ्याला ठेवलीत."

"तोंडाला येईल ते बोलू नकोस, खामिसा."

"मी कशाला बोलू? गावच बोलतंय."

आठवड्यात खामिसाच्या धाकट्या लेकीच्या डोक्यावरही तसंच कडं आलं. मग बोलणं थांबलं आणि माणसं तसं वागायला लागली. तुमू समोरून आली की बायका गल्ली बदलायच्या. पलीकडच्या घरात मयत झालं, तर आंघोळीला शेला गावाहून दुसरी बाई आणली. तुमू दगडी ओट्यावर बसून तो जनाजा जाताना बघत राहिली. नऊ मांजरंही बघत होती. कुणीतरी म्हणालं, मासळीत विष घालून ठेवा.

ते ऐकून तुमू उठली आणि ओझी वाहणाऱ्या गाढवांच्या दवाखान्यात गेली. तिथं म्वाचोफी नावाचा तैता डोंगराकडचा माणूस जनावरं बघायचा.

तो भर दुपारी आला. हात बघितला, मांजरं बघितली आणि म्हणाला, "आई, मांजरं आत घ्या. खिडक्या लावा. दारही."

दगडी घर, लावून घेतल्यावर डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये. काळोखात नऊ जिवांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. म्वाचोफीनं हातातला जांभळ्या उजेडाचा दिवा लावला.

मांजरं पेटली. म्हणजे तुमूला तसंच वाटलं. कुणाच्या कानाच्या कडा, कुणाच्या मिशा, कुणाच्या पाठीवरचे चट्टे, कच्च्या सफरचंदासारख्या हिरव्या उजेडानं चमकत होते. मांजर दिसत नव्हतं, हिरवी कडी तेवढी अधांतरी हलत होती.

"या अल्लाह," तुमू पुटपुटली.

"भिऊ नका. बुरशी आहे. केसांत शिरते, अशी चमकते. नायटाच हा. दोन मांजरं चमकत नाहीत, पण म्हणून ती सुटली असं नाही. त्यांनाही औषध." दिवा फिरवता फिरवता तो थांबला. "आई, तिथं कोण झोपलंय?"

पलंगावर कुणीतरी अंग मुडपून निजावं तसा एक आकार हिरवा लुकलुकत होता. तो मोझाचा लेसो होता. दुपारची डुलकी घेताना तुमू तोच हातावर ओढून घ्यायची.

"कुणाचा हा?" म्वाचोफीनं विचारलं.

तुमूला सव्वीस वर्षांचा नेम मोडायचा नव्हता. म्वाचोफीनं तिच्याकडे पाहिलं आणि परत विचारलं नाही. "मांजराचे केस अडकलेत यात. जाळून टाका. आता ही मांजरं जिथून आलीत, ते घर दाखवा."

मोझाच्या घरात चटई अजून तशीच होती. झडप ओढून त्यानं दिवा धरला. मधोमध माणसाच्या लांबीचा काळा आकार, आणि त्याच्याभोवती गळलेल्या केसांचं हिरवं कडं.

"मांजरं शेवटपर्यंत तिच्यापाशी होती," तुमू म्हणाली. एवढंच ती बोलली.

मग काम सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, हातमोजे घालून, मांजरांना चुना-गंधकाच्या पाण्यात भिजवायचं. पुसायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं. चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची रुंद कॉलर. तोंडातून औषध एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं. रोज फरशी झाडून ओल्या फडक्यानं पुसायची, कपडे कढत पाण्यात. सडक्या अंड्यासारखा वास गल्लीभर सुटला. पांढरी मांजरं पिवळी पडली, तुमूचे हात ओरबाडून निघाले. लोक नाक धरून म्हणायचे, सैतान उकळतेय. तिच्या हाताला मलम होतं. खामिसाच्या लेकीला मात्र इस्पितळातून गोळ्याच आणाव्या लागल्या, तुमू स्वतः दाराशी जाऊन सांगून आली, "डोक्यावरचं नुसत्या मलमानं जात नाही. माझ्यावर राग धर, पण पोरीला घेऊन जा."

अडीच महिन्यांनी केस भरले. म्वाचोफीनं नव्या ब्रशानं मांजरं विंचरून केस तपासायला पाठवले. दोनदा पाठवले, दोनदा स्वच्छ आले. पाच मांजरं धक्क्यावर परतली, चार राहिली.

ईशान्येचे वारे सुटल्यावर खामिसाची सासू गेली. सकाळीच खामिसा दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, नजर खाली.

"बी, पाणी तापवलंय."

"शेलाची बाई नाही का आली?"

"सासूनं तुमचं नाव घेतलं होतं." मग हलकेच म्हणाली, "आणि मीही."

तुमूनं कापराची पुडी घेतली, चार मांजरांना आत कोंडलं आणि खामिसाच्या मागून गल्लीत उतरली.