कोपीचं चित्र असलेलं पुस्तक

ईट गावाजवळच्या आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या वर्षी आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मीच तावातावानं बोलले होते, की आपल्या निम्म्या पोरांचं घर कुठल्याच पुस्तकात नसतं. ऊसतोड करणाऱ्यांची, पालावरची, कुबड्या घेऊन चालणारी पोरं गोष्टींत आली पाहिजेत. टाळ्याही मिळाल्या. पुढं तशा पुस्तकांचा गठ्ठा शाळेत आला, तेव्हा मी आठवडाभर मिरवले.

त्यातल्या एका पुस्तकात उसाच्या फडाशेजारची कोपी होती. उसाच्या पाचटाची, वाकून आत शिरावं लागणारी झोपडी, आणि दारात भाकरी थापणारी बाई. चौथीतली एक मुलगी त्या पानावरून हलेना. तिचे आईबाप दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, तीही जाते. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली.

"बाई, ह्ये म्या कारखान्यावर न्हेऊ का? मायला दावते, टोळीतल्या समद्यांस्नी दावते. परत आणते."

मी नाही म्हटलं. जाणाऱ्या मुलांकडची पुस्तकं दसऱ्याआधी जमा करून घ्यायची, ही आमच्याकडची रीतच. पुस्तक गहाळ झालं तर तपासणीत बोलणी मला बसतात. वर गोड आवाजात म्हटलं, "आल्यावर वाच. कुठं पळून जातंय?" गावातच राहणाऱ्या मुलांना मात्र मी दोन-दोन पुस्तकं घरी दिली. ज्यांच्यासाठी भांडले त्यांनाच कपाट बंद. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, दुसरं काय. तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

चैत्रात ती परतली. दुसऱ्याच दिवशी तिची आई तिला घेऊन शाळेत आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई, तुमच्याकडं आमच्या कोपीचं पुस्तक हाय म्हणं. खरं हाय का?"

मी कपाट उघडून पुस्तक आईपुढं धरलं. ते अजून कोरं करकरीत होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या चित्रावर तिनं हात ठेवला आणि लेकीकडं बघितलं.

"हिनं तिथं समद्यांस्नी सांगितलं. आपल्यावर कोण पुस्तक काढतंय म्हणून लोक हसले. थापाडी म्हणूनच हाक मारायचे हिला. म्या बी हिला दोन रट्टे दिले, लबाड बोलतीया म्हणून."

मला तिथं उभं राहवेना. घाईघाईनं मी पुस्तक मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "घरी घेऊन जा. आता दाखव सगळ्यांना."

तिनं ते माझ्या टेबलावर नीट ठेवलं.

"कुणाला दावू, बाई? टोळी पांगली."