खुलासा व्हावा

औषधांच्या रिकाम्या बाटल्या घरात कशा साठतात, कोणाला सांगता येत नाही. एक फेकायची राहते, तिच्या शेजारी दुसरी येते आणि एक दिवस सगळी फळी भरलेली दिसते. तांबोळीभाईंचे किस्से माझ्याकडे असेच साठले. महिन्यातून एकदा त्यांच्या दुकानात जायचो आणि येताना गोळ्यांबरोबर एखादा किस्सा घेऊन यायचो. निर्मला, माझी पत्नी, हात पुढे करायची नाही. म्हणायची, "गोळी राहू दे. आज भाई काय म्हणाले ते सांगा आधी."

हे सगळं बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. मी शिरूरला शाळेत मास्तर होतो. निर्मलाच्या पाठीचे मणके झिजले होते. पुण्याचे उपाय करून झाले होते. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते, त्यांच्या गोळीने ती उठून बसू लागली. गोळी कोडीनची, म्हणजे अफूच्या जातीची. दौंडला ती कधी असायची, कधी नसायची. शिरूरमध्ये ती फक्त एकाच दुकानात मिळायची आणि त्या दुकानात तांबोळीभाई बसायचे.

* * *

भाई आधी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. मग परीक्षा देऊन, परवाना काढून बाजारपेठेत दुकान टाकलं. चिठ्ठी हातात घेतली की आधी पूर्ण वाचायचे, मग गिऱ्हाइकाकडे बघायचे, मग पुन्हा वाचायचे. अशी जपून द्यायची गोळी असली, की चिठ्ठी उलटी करून मागे लाल पेन्सिलीने पुढची तारीख टाकायचे. त्या तारखेच्या आधी आलात तर गोळी मिळायची नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणाला पायजे?"

"पत्नीला."

"कुठं हाय त्या?"

"घरी."

"चालत्यात का?"

"चालता आलं असतं तर गोळी कशाला लागली असती?"

भाईंनी चिठ्ठी खाली ठेवली. "मास्तर, ह्या गोळीला चालता येणारीच माणसं जास्त येत्यात."

* * *

एकदा न्हावऱ्याचे एक आबा माझ्याआधी उभे होते.

"भाई, आमच्या शेजारच्या आप्पाला दिली ती गोळी द्या. आप्पा पार पळाय लागलाय."

"तुमची चिठ्ठी?"

"आप्पाचीच आणलीय की. एकाच गावचं हाय आमी."

भाईंना असल्या माणसांचा राग यायचा नाही. ते त्यांना समजावायला बसायचे. म्हणाले, "आबा, मला सांगा, आप्पाचा चष्मा तुमी घालता का? न्हाई ना? मग आप्पाची गोळी कशी चालंल?"

आबांनी सदऱ्याच्या खिशातून दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"मग ह्यो कुणाचा हाय? दिसाआड घालतो आमी."

 

* * *

दौंडच्या डॉक्टरांशी त्यांचं जे चाललं, त्यातला पोस्टमन मीच.

दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी दिवसातून दोनदाच्या ऐवजी चारदा लिहिली. भाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. चिठ्ठीच्या खाली लिहिलं, "मात्रा जास्त वाटते. खुलासा व्हावा." मी रविवारची एस.टी. धरून दौंडला गेलो. डॉक्टरांनी वाचलं आणि खाली लिहिलं, "डॉक्टर मी आहे." परत शिरूर. भाईंनी तेवढ्याच शांतपणे लिहिलं, "मान्य. खुलासा व्हावा."

मी संतापलो होतो. घरी दोन गोळ्या उरल्या होत्या, त्याही निर्मला अर्ध्या अर्ध्या करून घेत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना म्हणावं, खुलासा पाहिजे तर मी देते. मात्र झोपून देईन."

मी शाळेत रजा टाकून पुन्हा दौंडला गेलो. डॉक्टरांनी चष्मा बदलला, स्वतःचीच चिठ्ठी दिव्याखाली धरली. बराच वेळ धरली.

"हा चार नाही," ते म्हणाले. "हा माझा दोन आहे."

त्या दिवसापासून डॉक्टर आकडे अक्षरांत लिहू लागले. पुढे दौंडची माणसंही म्हणायची, की म्हातारपणी डॉक्टरांचं अक्षर सुधारलं.

* * *

त्यानंतरच्या शुक्रवारी भाई आमच्या दारात उभे राहिले. संध्याकाळच्या नमाजाला जाताना वाट वाकडी करून आले होते.

"वैनी हायत का?" म्हणाले. "चिठ्ठीवर नाव वाचतो दर म्हैन्याला. म्हणलं, माणूसबी बघावं."

मला ते तपासणीसारखं वाटलं आणि ती होतीच. निर्मलाला मात्र बरं वाटलं. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. उंबऱ्याशी आमच्या शेजारच्या साळूबाई चहा पीत होत्या. साळूबाई कांद्याच्या वखारीत कांदे निवडायला जायच्या. दिवसभर उकिडवं बसायचं काम. परत आल्या की थेट आमच्याकडे. भाईंना जागा द्यायला त्या उठल्या, भिंतीला हात लावून, दोन दमांत.

भाई बसले. म्हणाले, "वैनी, दुखतं म्हंजी कसं दुखतं?"

इतक्या डॉक्टरांनी कुठे दुखतं, किती दिवस दुखतं, हे विचारलं होतं. कसं, हे कोणी विचारलं नव्हतं. निर्मलाने जरा विचार केला.

"पाठीत कोणी तरी दळण घातलंय, असं."

"जात्याचं का गिरणीचं?"

"जात्याचं," ती म्हणाली. "गिरणी संध्याकाळी बंद तरी होते."

भाईंनी चहा संपवला आणि गेले. पुढच्या महिन्यात प्रश्न न विचारता गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा विचारले.

* * *

पुण्याहून औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले होते तो दिवस. मी बाकावर बसून होतो. त्यांनी दोन तास रजिस्टर तपासलं. त्यातली एकही तारीख चुकली नव्हती. शेवटी कपाळ दाबत म्हणाले, "तुमच्या रजिस्टरनं डोकं उठलं बुवा. ती कोडीनची एक गोळी द्या इकडे."

"चिठ्ठी?" भाई म्हणाले.

इन्स्पेक्टर हसले. "वा. मी परीक्षाच घेत होतो."

"म्हंजी डोकं दुखत न्हाई?"

"दुखतंय हो."

भाईंनी समोरच्या हॉटेलला आवाज दिला, "एक कडक चहा. सायेबांना चिठ्ठीबिगर."

* * *

आता जरा गंभीर भांडणाचं सांगतो. दिवाळीनंतर आमच्या गोळ्या तारखेआधी संपू लागल्या.

पहिल्यांदा चार दिवस आधी. भाईंनी चिठ्ठी उलटी केली. "लाल तारीख सोमवारची हाय. आज गुरुवार."

"संपल्या."

"कशा संपल्या?"

निर्मलाने मला सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. बाटली हातातून निसटली, थोड्या गोळ्या मोरीत गेल्या. भाईंनी चार दिवसांपुरत्या पुडीत बांधून दिल्या.

पुढच्या महिन्यात आठवडाभर आधी. पुन्हा मोरी. त्याच्या पुढच्या महिन्यात दहा दिवस आधी. या वेळी भाईंनी हात काउंटरवरच ठेवले.

"मास्तर, वैनी जास्त घेत्यात."

"नाही घेत."

"तुमी घेता?"

"भाई, तोंड सांभाळून बोला."

"मग तुमच्या घरात तिसरं कोण हाय?"

"कोणी नाही."

"मास्तर, मोरीची पाठ दुखत न्हाई."

मी मोठ्याने बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "गोळ्या वेळेआधी संपतात. रुग्णास सवय लागली असावी. खुलासा व्हावा."

डॉक्टरांनी या वेळी वाद घातला नाही. मला समोर बसवून म्हणाले, "तो बरोबर विचारतोय. ही गोळी अशी वाढत जाते आणि माणूस घरातल्यांना सांगत नाही. बाटली तुमच्या ताब्यात ठेवा. मोजून द्या. पुन्हा आधी संपल्या तर मला बंद कराव्या लागतील."

मी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात. रोज शाळेला निघताना निर्मलाच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवायचो. एक आत्ता, एक संध्याकाळी.

पहिल्या दिवशी तिने हाताकडे पाहिलं. म्हणाली, "हजेरी घेताय का, मास्तर?"

"भाईंना उत्तर द्यावं लागतं."

"हजर," ती म्हणाली आणि मूठ मिटली.

त्यानंतर गोळ्या एकदाही आधी संपल्या नाहीत. मी लाल तारखेला जायचो, भाई चिठ्ठी उलटी करायचे आणि मान हलवायचे. त्यांचं खरं ठरलं होतं. मीही ते मानलं होतं. निर्मला त्या महिन्यांत दुपारची जमिनीवर पालथी पडून असे. मी डॉक्टरांना सांगितलं, दुखणं वाढलंय. भाईंनाही सांगितलं. भाई म्हणाले, "सवय सुटताना तसं व्हतं. थोडं सोसू द्या."

 निर्मला भाईंचा किस्सा मात्र रोज मागायची. नवा नसला तर चष्म्याचा जुना.

* * *

चैत्रात ती गेली. पाठीने नाही, हृदयाने. दुपारी, मी शाळेत असताना.

तेराव्यानंतर मी कपाट उघडलं आणि उरलेली बाटली आणि चिठ्ठी घेऊन भाईंकडे गेलो. असल्या गोळ्या घरात ठेवू नयेत, हे त्यांनीच शिकवलं होतं. सकाळची वेळ होती, दुकान नुकतं उघडलं होतं. भाईंनी गोळ्या काचेवर ओतल्या, सुरीच्या पात्याने दोन-दोन करून सरकवल्या आणि चिठ्ठीमागची तारीख पाहिली.

"बरोबर हायत," ते म्हणाले.

मी बाकावर बसलो. तेवढ्यात साळूबाई आल्या. एक पायरी चढायला त्यांना वेळ लागला. दाराआडच्या बाकावर मी आहे, हे त्यांना दिसलं नाही. पदराच्या गाठीतून त्यांनी कुंकवाची डबी काढली. डबी निर्मलाची होती. आत एकच गोळी होती.

"भाऊ, ही गोळी द्या. संपत आली."

"कुणाला?"

"मला. गुडघ्याला."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कुठली आली? दौंडला जायाचं तर दिस मोडतो. बाई द्यायच्या ना."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. आधी लागंल तशी द्यायच्या. मग रोज एक."

"रोज?"

"मास्तरांनी कुलूप लावलं तवा मी म्हणलं, बाई, आता नगं. तर म्हणल्या, दोन मिळत्यात की. एक तुझी, एक माझी. ही शेवटची मी ठिवून दिली हुती."

भाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. डबीतली गोळी पाहिली, मग साळूबाईंचे पाय. म्हणाले, "आक्का, दुखतं म्हंजी कसं दुखतं?"

"दळल्यावानी. बाई म्हणायच्या, जातंच हाय. दोघींनी वढलं की हलकं जातं."

  भाई दुकानाच्या फळ्या लावू लागले. भर बाजाराच्या दिवशी सकाळी दुकान बंद होताना पेठेने कधी पाहिलं नव्हतं. समोरचा हॉटेलवाला रस्त्यात येऊन उभा राहिला.

शेवटची फळी लावून भाई माझ्यासमोर आले.

"मास्तर, दौंडची गाडी किती वाजता?"

"सव्वादहाची."

आम्ही तिघं गेलो. साळूबाईंना खिडकीची जागा दिली. भाई आणि मी एका बाकावर बसलो.

डॉक्टरांनी साळूबाईंचे गुडघे तपासले. चिठ्ठी लिहिली, आकडे अक्षरांत. चिठ्ठीवर प्रश्न काढणारा माणूस त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच समोर पाहिला होता. भाईंनी चिठ्ठी घेतली, न वाचता घडी घालून खिशात ठेवली.

डॉक्टरांनी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाले, "काय भाई? आज खुलासा नको?"

"न्हाई सायेब," भाई म्हणाले. "आज मलाच द्यायचा हाय."