काडतुसातलं झुकतं माप

मागच्या उन्हाळ्यात आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, चार दिवस राहायला गेलो होतो. दाजींना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. दुपारी पडवीत बसलो असताना तिच्या नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी माणूस टेबलाशी बसून घरीच बंदुकीची काडतुसं भरत होता. समोर इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्याला काचेची पेटी, कारण वाऱ्याच्या झुळकेनेही आकडा हलतो म्हणे. तो इवल्याशा चमच्याने दारू सोडायचा आणि आकड्याकडे बघायचा. एकदा आकडा किंचित पुढे गेला. त्या माणसाने चिमट्याने दारूचा एक कण उचलून बाजूला ठेवला. एकच कण. आकडा मागे आला तेव्हाच त्याने ती दारू काडतुसात ओतली.

नातू हसत म्हणाला, "बघा मामाआजोबा, हा एका कणाला भितोय. आणि आमच्या आजोबांनी डायरेक्ट दोन मापं टाकली होती!"

घरातले सगळे हसले. आक्काही हसली.

दाजींनी दोन मापं टाकली नव्हती. त्यांनी एकही टाकलं नव्हतं. ती काडतुसं मी भरली होती. सांगायचं आहे ते एवढंच, पण एवढ्यावरून कुणाला काही कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. मी मॅट्रिक होऊन शेवगावला वडिलांच्या किराणा दुकानात बसत होतो. मास्तरकीसाठी अर्ज केला होता, त्याच्या कागदाची वाट बघत होतो. आमच्या दुकानात माप झुकतं असायचं. डाळ असो, साखर असो, दोन्ही पारडी समोरासमोर आली की वडील वरून एक चिमूट टाकायचे आणि मालाचं पारडं हलकेच खाली जायचं. नवाच बसायला लागलो तेव्हा मी एका म्हातारीला पारडी बरोबर करून गूळ दिला. वडिलांनी तिच्यादेखत माझ्या हातातला तराजू घेतला, वर एक खडा ठेवला आणि म्हणाले, "नुसतं बरोबर तोललं म्हणजे पाहुण्याला अर्धपोटी उठवलं." त्यानंतर माझ्याकडून तशी चूक झाली नाही. पुढे पुढे तर ती चिमूट मला जास्तीची वाटेनाशी झाली. चिमूट पडल्याशिवाय तोलणं पुरंच व्हायचं नाही.

आक्काला दिली होती ती तिथून दोन-तीन कोसांवरच्या गावात. दाजींची जमीन नदीकाठी. भुईमूग चांगला यायचा आणि डुकरं तो उकरायची. एका रात्रीत वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे करून टाकायची. म्हणून घरात एकनळी बंदूक होती, दाजींच्या वडिलांपासूनची, परवान्याची. नवीन काडतुसं नगरहून आणावी लागत आणि ती महाग पडत, म्हणून दाजी जुनी पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरत. काळी दारू असायची आणि ती मोजायला दांडीचं एक लहानसं पितळी माप होतं. काठोकाठ भरायचं, बोटाने सपाट करायचं आणि ओतायचं. तोलायचा प्रश्नच नव्हता. त्या मापाने कधी दगा दिला नाही.

त्या वर्षी दाजींना नगरच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने वेगळी दारू दिली. हातपाय थकल्यामुळे त्याने शिकार सोडली होती. ही दारू करड्या रंगाची होती, धूर करत नसे आणि जोर जास्त होता. देताना त्याने बजावलं होतं की ही मापाने घ्यायची नाही, तोलूनच घ्यायची. एका काडतुसाला किती, तेवढ्या वजनाचा तांब्याचा एक तुकडाही त्याने कापून दिला होता.

दाजी डबा आणि तो तुकडा धोतराच्या सोग्यात बांधून आमच्याकडे आले.

"पाव्हनं, तुमी तराजूची मानसं," ते मला म्हणाले. "आमी शेरानं मोजनार, पायलीनं मोजनार. ह्ये गुंजेचं काम तुमचं."

"दाजी, आमच्या तराजूत ह्यो तुकडा टाकला तर त्याला कळनारसुद्धा न्हाई," मी म्हणालो. शेजारच्या सोनाराकडून त्याचा लहान काटा तासाभरासाठी मागून आणला. मागच्या खोलीत, वारा नको म्हणून दार लावून, आम्ही दोघं बसलो. डब्यावर इंग्रजीत लाल अक्षरात एक ओळ होती. ती मी दाजींना वाचून दाखवली, अर्थही सांगितला: ठरल्या वजनापेक्षा जास्त घालू नये.

"मग न्हाई घालायचं," दाजी म्हणाले.

एका पारड्यात तांब्याचा तुकडा, दुसऱ्यात दारू. मी चिमटीने सोडत गेलो. काट्याची जीभ मधोमध आली. आणि माझ्या हाताने वर एक चिमूट टाकली.

दाजींनी ते पाहिलं. "बरोबर झालं हुतं की," ते म्हणाले.

"दाजी, आमच्या दुकानात असंच मिळतं," मी म्हणालो.

ते हसले. "मेव्हन्याकडनं झुकतं माप! मग काय, डुकरांचं कल्यानच." मीही हसलो. मग प्रत्येक काडतुसाला तेच झालं. दाजींनी पुन्हा विचारलं नाही. मी लाल ओळ वाचली होती आणि तिचा अर्थही सांगितला होता, तरीही आपण जास्त घालतोय असं मला एकदाही वाटलं नाही, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. आमच्या घरात वजन म्हणजे चिमटीसकटचं वजन. किराण्याच्या तराजूत ती चिमूट कुठल्या कुठे जाते. सोनाराच्या काट्यात तिने पारडं धपकन खाली नेलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

पहिले बार चांगले गेले. दाजींनी दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, "पाव्हन्याला म्हनावं, बार लई ग्वाड बसतो." मी तो निरोप वडिलांनाही ऐकवला.

पुढच्या आठवड्यात सकाळी दुकान झाडत होतो, तर बैलगाडी येऊन थांबली. गाडीत आक्का बसली होती आणि तिच्या मांडीवर दाजींचं डोकं होतं. त्यांचा डावा हात तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता आणि लुगडं भिजून गाडीच्या फळीवर ठिबकत होतं. पहाटे भुईमुगात डुकरं शिरली, दाजींनी बार काढला आणि नळी बुडाजवळ फाटली. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लुगडं जरासं सोडून पाहिलं आणि ताबडतोब नगरला न्या म्हणाले. मालाच्या ट्रकमधून नेलं. रस्ताभर मी त्यांचा हात वर धरून बसलो होतो. तेवढंच मला करता येत होतं.

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. नळी जुनी होती, तेही एक कारण असेल. नंतर काही जाणकारांनी तसं म्हटलंही. पण त्याच नळीतून काळ्या दारूचे बार कितीतरी वर्षं निघाले होते.

दुसऱ्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आला. दाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी पायथ्याशी उभा होतो, आक्का बाहेर व्हरांड्यात.

"काडतुसं कुनी भरली?"

"म्याच."

"दारू किती घातली?"

"दोन मापं."

"दोन? एकाच्या जागी दोन?"

"डुक्कर लई दांडगं हुतं, सायेब."

जमादार हसला. "डुक्कर ऱ्हायलं बाजूला, शिकार तुझीच झाली की रं!"

माझं तोंड उघडलं होतं. "साहेब," एवढं म्हटलंही असेल मी. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "पाव्हनं, पानी आना जरा. घसा वाळलाय."

मी तांब्या घेऊन बाहेर गेलो. नळावर रांग होती. परत आलो तेव्हा जमादार शाईचा डबा बंद करत होता. दाजी उजव्या हाताचा काळा झालेला अंगठा चादरीला पुसत होते. त्यांनी पाणी घेतलं नाही, तांब्या तसाच खाटेखाली सरकवला.

जमादार गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तुझ्या नोकरीचा कागद यायचाय. पोलिस दुकानात आले तर तुझ्या वडलांनी कुनाकडं बगायचं? आन् तुझ्या आक्काला म्हायेर नगं का? माझा हात काय परत येत न्हाई. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितलं म्हणून राहिलो असं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ते खोटंही नाही. पण नळावर रांगेत उभा असताना माझ्यापुढे दोनच माणसं होती आणि त्यांना बाजूला सारून परत जाणं मला अवघड नव्हतं.

परवाना गेला, बंदूक जमा झाली. त्या हंगामात डुकरांनी बराचसा भुईमूग खाल्ला. माझा कागद आला आणि मी राहात्याकडे शाळेवर रुजू झालो. दाजींना गावाने नवं नाव दिलं: दुमाप्या. एकाच्या जागी दोन मापं घालणारा. पेरणीच्या वेळी बांधावरून कुणी ओरडायचं, "दुमाप्या, बी तरी एकच माप टाक रं!" आमच्या चुलतभावाच्या लग्नात पंगतीला मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. वाढपी बुंदी घेऊन आला तसा समोरून कुणीतरी ओरडलं, "तिथं दोन मापं वाढा!" सगळी पंगत हसली. दाजींनी पत्रावळ पुढे केली आणि म्हणाले, "वाढा की, आता काय फुटायचं ऱ्हायलंय?" त्यावर लोक आणखी हसले. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

आक्काचं बोलणं वेगळं होतं. तिला हसू यायचं नाही. दाजींना म्हशीची धार काढता येईना, नाडा ओढून गाठ मारता येईना, ते सगळं तिच्यावर आलं. "एका डुकरापायी हात घालवला," ती येता-जाता म्हणायची. "बाकीच्यांना काय डुकरं दिसत न्हाईत? पन ह्यांना हाव. एकात भागंना." मी बसलेलो असताना म्हणायची, कारण माहेरच्या माणसापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी? दाजी दर वेळी म्हणायचे, "व्हय बाई, चुकलं."

एकदा शेतात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "दाजी, आता मी सांगतो सगळ्यांना. मला ऐकवत न्हाई."

ते शेंगा निवडत होते. "सांग की. जमादार मला खोटं बोललो म्हनून धरंल, तुला दारू भरली म्हनून. दोगंबी आत. मग तुझी आक्का बोलनार कुनाला?" आणि आपल्याच बोलण्यावर खूप हसले. त्यांना राग आला असता तर मला बरं झालं असतं. ते कधी रागावले नाहीत. वडील गेले, दुकान गेलं, मी पेन्शनीत निघालो, ते जमादारही आता असणार नाहीत. भ्यायला कुणीच उरलं नाही, तरी मी बोललो नाही. मग दाजी गेले.

नातवाच्या त्या व्हिडिओनंतर पोरं उठून आत टीव्हीपुढे गेली. आक्का शेंगा फोडत बसली होती. मी तिला सांगितलं. सोनाराचा काटा, लाल ओळ, चिमूट, जमादार, पाण्याचा तांब्या.  ती शेंगा फोडायची थांबली.

"त्यांनी न्हाई भरली?" ती शेवटी म्हणाली.

"न्हाई आक्का. मी भरली."

"आन् त्यांना ठावं हुतं?"

"होय."

"मंजी मी बोलत हुते तवाबी ठावं हुतं."

मी मान डोलावली.

"एकदा तरी उलटून बोलायचं हुतं त्यांनी," ती म्हणाली. "एकदा तरी. मी शेवटच्या दुखन्यातसुदिक बोलले रं. पेला सुटला त्यांच्या हातातनं, तर मी म्हनले, हुता तो हातबी घालवला." मग म्हणाली, "तू मोकळा झालास. आता मी कुनाला सांगू?"

मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो, तर तिने पाय मागे घेतले.

संध्याकाळी मी पोरांना बसवून सांगायला लागलो. थोरला भाचा म्हणाला, "जाऊ द्या मामा. जुनं झालं. आमच्या आप्पांनी कधी मनावर घेतलं नाही." मी म्हणालो, गावात त्यांचं नाव आजही तसंच घेतात. तो म्हणाला, "प्रेमाने घेतात हो." मी पुन्हा सुरुवात केली, तेवढ्यात सुनेने जेवायला वाढलं. मग कुणी तो विषय काढला नाही.

ते मी सांगू शकलो नाही म्हणून हे लिहिलं आहे. त्या गावातलं कुणी वाचील तर त्याने एवढं ध्यानात घ्यावं की त्या माणसाला हाव नव्हती. त्याने आयुष्यात सगळं एकाच मापाने घातलं.

आक्काला मी दर रविवारी फोन करतो. सून उचलते आणि म्हणते, आत्या झोपल्यात. दुपारचे चार असोत की सकाळचे दहा, त्या झोपलेल्याच असतात. मागून आक्काचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत असतो, कोंबड्यांना हाकलतानाचा. मी म्हणतो, बरं, उठल्यावर सांगा, मी फोन केला होता.