तळ्याकाठचं बोलावणं

कुणाचा विश्वास कच्चा, यावर चर्चमध्ये वाद निघाला की मला सक्करदऱ्याची मासेवाली आठवते. सत्तरच्या दशकात ती आमच्या दारावर यायची. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. नाव आम्ही कधी विचारलं नाही.

माझ्या भावानं मित्रांसमोर ‘मी ख्रिस्ती नाही’ म्हटलं, तेव्हा बाबांनी त्याच्यासोबत जेवणं सोडलं. एकदा त्यांनी तिला हे सांगितलं. माशांवर पाणी शिंपडणारा तिचा हात थांबला.

"पेत्र तर शिष्य असून तीनदा म्हणाला, येशूले मी ओळखत नाही, गा भाऊ. तरी येशूनं तळ्याकाठी मासे भाजून त्याले जेवाले बोलावलं. तुमी काहून थांबून राहिले?"

त्याच दुपारी बाबा भावाच्या खोलीच्या दाराशी गेले. "चल, ताट वाढलंय."

भाऊ जेवताना रडला. त्या रविवारी तो चर्चला जायला आमच्याआधी तयार होता.