साडूंचा रिअ‍ॅक्टर, माझा ड्रम

कचोरी तळलेल्या तेलाचं बायोडिझेल करायला गेलो आणि ड्रमभर साबण करून बसलो.

मूळ कारण माझे साडू. महू रोडवरच्या शेडमध्ये ते तेलाचं डिझेल करतात. तोच उद्योग माझा सुदामा नगरात, घरामागे. माझ्याकडे पत्र्याचा ड्रम आणि ढवळायला जुन्या कूलरची मोटर. अर्धा दिवस घरघर. त्यांच्याकडे चकचकीत स्टीलचा रिअ‍ॅक्टर. त्यातला पंप तेल आणि मिथेनॉल एका बारीक छिद्रातून असं दाबून सोडतो की दोन्ही एकजीव होऊन काही मिनिटांत काम फत्ते. सासूबाईंनी त्या रिअ‍ॅक्टरला हळदकुंकू लावलं. माझ्या ड्रमवर त्या पापड वाळत घालतात.

दोघांचा डोळा एकाच नमकीनवाल्या शेठजींच्या उरलेल्या तेलावर. ते मिळालं नाही तर मला शटरच ओढावं लागणार होतं. शेठजींनी सांगून टाकलं होतं, "जो साफ माल दिखाएगा, तेल उसका."

साडू इतके भले, की त्यांनी आम्हां नवराबायकोला बोलावून रिअ‍ॅक्टर उघडून दाखवला. त्याचाच मला जास्त राग आला. ते समजावत होते आणि मी बोल्ट मोजत होतो. घरी येऊन गाड्या धुवायचा पंप ड्रमला जोडला, बारीक नोझल बसवलं, मिथेनॉलमध्ये घालतात तो कॉस्टिक सोडा साडूंपेक्षा मूठभर जास्तच टाकला आणि शेठजींना बोलावलं.

झाकण उघडलं. वर सोनेरी डिझेल, खाली ग्लिसरीन दिसायला हवं होतं. आत दही लागलेलं! जळक्या तेलातलं पाणी आणि आम्ल आधी काढलं नाही, तर कॉस्टिक साबण करतो. माझ्या नव्या पंपानं तो झटपट केला, एवढीच प्रगती.

शेठजींनी बोट बुडवून चोळलं, तर फेस. "भिया, ये तो झाग दे रिया है." नळावर हात धुतले, स्वच्छ निघाले, आणि स्कूटर थेट महू रोडकडे वळवली.

"साडूंनी मुद्दामच सांगितलं नसणार," मी बायकोला म्हणालो.

"जिजाजींनी दोनदा सांगितलं. आधी पाणी उडवा, आम्लता तपासा. मी बाजूलाच उभी होती," ती पापड गोळा करत म्हणाली. "तुम्ही बोल्ट मोजत होते ना? किती निघाले, तेवढं तरी सांगा."