हौशीचे ठिपके

जव्हारात राजांचा अंमल होता, तेव्हा आमच्या पोशेऱ्यात वामन पाटलाच्या गोठ्यात हौशी धारा काढायची. एकटी बाई, सडसडीत, जिभेने फटकळ. तिची एक सवय मात्र गावाला झेपली नाही. प्रत्येक गाईचं दूध ती वेगळ्या बांबूच्या नळीत काढायची, काडी बुडवून ते कुठवर आलंय बघायची आणि त्या गाईमागच्या कुडावर तेवढ्याच उंचीवर कोळशाचा ठिपका ठेवायची. रोज एक, कालच्या शेजारी.

ठिपके थोडे खालीवर होतच. "येक दिस गाय रुसते. मानूस नाय रुसत का?" म्हणायची. पण ठिपके उतरतच राहिले, की ती गाय वेगळी बांधायची. गाय तेव्हा चांगली चरत असायची. थोड्याच दिवसांत आजारी पडून अंग टाकायची.

असं दोन-तीनदा झालं आणि बायका दिवेलागणीला गोठ्यासमोरून जाईनात. मलाही त्या कुडाकडे बघवत नसे, खोटं कशाला सांगू?

तुका भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, "ठिपकाच दूध खाली वढतो." त्यावर पाटलाची बायको गंगी हिने शहाणपण केलं. कूड सारवून ठिपके बुजवले आणि स्वतःच्या हाताने पार छपराजवळ नवे काढले. दूध काही वाढलं नाही. मग हौशीला बजावलं गेलं : पुन्हा कोळसा उचललास, तर भुताळी म्हणून गावाबाहेर काढू. भुताळी ठरलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

हौशीने कोळसा टाकून दिला. एका संध्याकाळी सगळ्याच नळ्यांत दूध कमी आलं. एकही गाय हंबरली नाही. साऱ्याजणींच्या माना त्या सारवलेल्या कुडाकडे वळलेल्या. हौशीने नळ्या रित्या केल्या, पण कुठलीच गाय वेगळी बांधली नाही. मग गुरांची बुळकांडीची साथ आली आणि गोठा रिकामा करून गेली.

गाव म्हणालं, "हिनं ठिपकं थांबवलं, म्हून गाई मेल्या." ह्याचा मला आजही संताप येतो.

शेवटची गाय गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगी हौशीच्या झोपडीशी आली. कडेवर तान्हं पोर, प्यायचं सोडलेलं. मुठीत कोळसा.

"हौशीबाय, याचा ठिपका वर काढ गो."

"बाय, ते माज्या हातात नाय."

"मंग कुनाच्या हातात हाय?" गंगी किंचाळली.

हौशीने पोराला घेतलं, हातावर तोललं, तोंडाशी कान नेला. कळायचं ते तिला कळलं. मग तिने कोळसा घेतला आणि झोपडीच्या कुडावर, हात पोचेल तितक्या उंच, एक खोटा ठिपका काढला.

गंगी पोराचे मुके घेत घरी गेली. ती वळणाआड होताच हौशी गाठोडं बांधायला बसली.